क्लॅम्प निघाल्यानंतर

हृदय थांबवणं हा आमच्या कामातला सोपा भाग, असं म्हटलं की ऐकणारा दचकतो. पण खरंच तसं आहे. पोटॅशियमचं गार द्रावण कोरोनरी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या, धमन्यांत उतरलं की मिनिटभराच्या आत मॉनिटरवरची ईसीजीची रेघ सपाट होते. जड जातं ते त्याच हृदयात परत रक्त सोडणं. रक्त कधी सोडायचं, किती गरम, किती दाबाने, त्यात काय असावं आणि काय नसावं, यात अर्धं ऑपरेशन असतं, आणि ते बाहेरून कुणाला दिसत नाही.

मी पर्फ्युजनिस्ट. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या मागे, हृदय आणि फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणाऱ्या हार्ट-लंग मशीनपाशी उंच स्टुलावर बसलेली बाई म्हणजे मी. नातेवाईक मला सिस्टर म्हणतात, आमच्या सोसायटीतले काका ‘मशीनवाली’ म्हणतात. दोन्हींना मी ओ देते. आपल्याकडे बायपासची बरीचशी ऑपरेशनं हृदय चालू ठेवूनच होतात, त्यात मी नुसती तयारीत बसलेली असते. माझं खरं काम झडपांचं, लहान मुलांच्या हृदयातल्या छिद्रांचं आणि बिघडलेल्या केसेसचं. त्यातली ही एक झडपांची केस.

बाई पस्तिशीतल्या, वजन 48 किलो, सोलापूरकडच्या. लहानपणी ताप येऊन सांधे सुजायचे, घरच्यांनी ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून दिलेलं. तो ऱ्हुमॅटिक फीवर होता हे कळेपर्यंत मायट्रल झडप आकसून कडक झालेली आणि एओर्टिक झडप गळायला लागलेली. दोन्ही बदलायच्या होत्या. जनआरोग्य योजनेतून मंजुरी आलेली. आदल्या संध्याकाळी फाइल बघायला वॉर्डात गेले तर त्यांचे यजमान जिन्यापर्यंत मागे आले.

“मॅडम, हृदय किती वेळ बंद राहणार?”

“दोन झडपा आहेत. दोन तास तरी धरा.”

“आणि तेवढा वेळ त्याला रक्त नाही?”

“बाकी सगळ्या शरीराला मशीन देणार. हृदयाला नाही.”

ते गप्प झाले. त्यांचा प्रश्न अगदी बरोबर जागी पडला होता, म्हणून मी जिन्यातच थांबून सांगितलं. धडधडणारं हृदय दर 100 ग्रॅममागे मिनिटाला 8 ते 10 मिलिलिटर प्राणवायू खातं. ते थांबवलं की भूक 1 मिलिलिटरच्या आसपास येते. थांबवून 22 अंशांपर्यंत गार केलं की आणखी घटून साधारण 0.3. म्हणजे थांबवणं हीच पहिली राखण, गारवा ही दुसरी. आकडे त्यांना किती पोचले माहीत नाही, पण “म्हणजे झोपवून ठेवता” एवढं त्यांनी मान हलवत म्हटलं. उठवताना काय होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. आदल्या रात्री सांगायची ती गोष्ट नव्हे.

सकाळी सगळ्यात आधी प्लेजिया, म्हणजे हृदय थांबवणारं द्रावण, बनवायचा. कार्डिओप्लेजिया हा पूर्ण शब्द थिएटरमध्ये कुणी उच्चारत नाही. आमच्या सर्जन सरांचा कल डेल निडोकडे. हे द्रावण पिट्सबर्गमध्ये लहान मुलांच्या हृदयासाठी तयार झालं, मग मोठ्यांनीही उचललं. प्लाझ्मा-लाइट या सलाइनसारख्या द्रवाच्या एका लिटरमध्ये मॅनिटॉल, मॅग्नेशियम सल्फेट, सोडियम बायकार्बोनेट, 26 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम क्लोराइड आणि लिग्नोकेन. एकेक ॲम्प्युल फोडायची, दुसऱ्याने लेबल मोठ्याने वाचायचं, मग भरायची. पोटॅशियम आणि बाकीच्या ॲम्प्युल दिसायला इतक्या सारख्या असतात की या कामात मी गप्पा मारू देत नाही, अगदी चहाचंही विचारायचं नाही. शेवटी या चार भागांत रुग्णाचं एक भाग रक्त मिसळतं आणि मिश्रण 4 अंशांपर्यंत गार होऊन जातं.

या मिश्रणातली गंमत अशी की फक्त पोटॅशियम थांबवण्यासाठी आहे; बाकीची मंडळी बरीचशी नंतरच्या प्रसंगाची तयारी करतात. लिग्नोकेन पेशीत सोडियम शिरू देत नाही, मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत उभं राहतं, मॅनिटॉल सूज आवरतं आणि फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू, टिपतं. नुसत्या पोटॅशियमवर विसंबून काय होतं हे जुन्या लोकांनी भोगलंय. 1955 मध्ये लंडनला मेलरोज यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवून दाखवलं, पण ती मात्रा इतकी तीव्र होती की स्नायूलाच इजा व्हायची, आणि ती पद्धत मागे पडली. पुढे 70च्या दशकात लंडनच्याच सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये पोटॅशियम बेताचं ठेवून, मॅग्नेशियम घालून द्रावण बसवलं, तेव्हा कुठे हा रस्ता परत खुला झाला.

रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलं, एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, 480 सेकंदांच्या वर गेल्याची खात्री केली, पंप ऑन. फुल फ्लो आला की मी बाईंना हळूहळू 30 अंशांकडे नेऊ लागले. एओर्टिक झडप गळकी असली की इथे डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. गारव्याने हृदय फडफडायला लागलं तर ते आकुंचन पावत नाही, आणि गळक्या झडपेतून मागे येणारं रक्त डाव्या कप्प्यात साठून तो ताणत जातो. ताणलेल्या स्नायूच्या आतल्या थराला मग कशानेच नीट रक्त पोचत नाही. म्हणून व्हेंट, म्हणजे साठलेलं रक्त खेचून घेणारी नळी, आधी घालून घेतलेला. शिवाय नेहमीसारखा एओर्टाच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, मुळातून प्लेजिया सोडला तर तो कोरोनरीत जाण्याऐवजी याच गळतीतून आत ओघळणार. यावर उपाय जुनाच आहे.

“क्लॅम्प ऑन.”

एओर्टावर हा चिमटा बसला की मशीनचं रक्त हृदयाला पोचत नाही. सरांनी एओर्टा उघडली आणि दोन्ही कोरोनरींच्या तोंडाशी छोट्या नळ्या, कॅन्युला, हाताने धरल्या, आधी डावी, मग उजवी. मी लाइन प्रेशरवर नजर ठेवून सोडत गेले. रेघ आधी रुंद झाली, मग अधूनमधून एखादा ठोका, मग काही नाही. 960 मिलिलिटर गेले. वर बर्फाचा चुरा घातला. मात्र डावीकडे फ्रेनिक नर्व्हपाशी बर्फ टेकू नये म्हणून ओला कपडा आड ठेवला, नाहीतर श्वासपटलाचा स्नायू लुळा पडतो आणि व्हेंटिलेटर निघता निघत नाही.

पुढचे दोन तास म्हणजे सरांचे टाके आणि माझं घड्याळ. 60 मिनिटांना सांगितलं, 90ला सांगितलं आणि अर्धी मात्रा परत दिली. मायट्रलच्या जागी यांत्रिक झडप बसली, टीटीके चित्रा, त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली. एओर्टिकची शिवण चालू झाली तेव्हा सरांनी न बघताच म्हटलं, “गरम करायला घे.” पाणी आणि रक्त यांच्यात 10 अंशांपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही, म्हणून गरम करणं नेहमी वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ खातं.

आता त्या बंद हृदयात काय चाललं होतं ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढची धावपळ कळणार नाही. रक्त नाही म्हणजे प्राणवायू नाही. पेशी कशीबशी साखर मोडून दिवस काढते आणि आम्ल साठत जातं. आश्चर्य म्हणजे हे आम्ल तिला थोडं सांभाळतही असतं. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जेची भट्टी; तिच्या भिंतीत एक छिद्र असतं, ते आम्लात मिटलेलं राहतं. रक्त धो धो परत आलं की बाहेरचं आम्ल क्षणात धुऊन निघतं. पेशी आतलं आम्ल बाहेर टाकायला लागते आणि त्या बदल्यात सोडियम आत घेते. सोडियम फार झालं की ते बाहेर टाकताना कॅल्शियम आत येतं. तिकडे प्राणवायू एकदम मिळाल्याने फ्री रॅडिकल्सचा लोट उठतो. कॅल्शियम, रॅडिकल्स आणि आम्ल गेलेलं, या तिन्हींनी मिळून ते छिद्र उघडतं. छिद्र उघडलं की मायटोकाँड्रिया निकामी. स्नायूचे तंतू कॅल्शियमने आवळले जातात ते सुटतच नाहीत. हे सगळं पहिल्या काही मिनिटांत होतं. 1960 मध्ये अमेरिकेत जेनिंग्ज यांनी कुत्र्यांच्या हृदयात पाहिलं होतं की बंद धमनी उघडल्यावर पेशींचं मरण उलट वेगाने पुढे सरकतं. हार्ट अटॅकमध्ये अँजिओप्लास्टीने नस उघडते तेव्हाही हेच घडतं. फरक इतकाच की कॅथलॅबमध्ये नस अचानक बंद पडलेली असते आणि त्यांना आधी काही पेरून ठेवता येत नाही. आम्हाला येतं. त्या बाबतीत आम्ही नशीबवान.

बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला कुणी पंचपक्वान्नं वाढत नाही, आधी पेज देतात. आमची पेज म्हणजे हॉट शॉट. लॉस एंजेलिसच्या बकबर्ग यांनी हा विचार रुजवला: क्लॅम्प काढायच्या आधी कोमट, प्राणवायूने भरलेलं रक्त कमी दाबाने थोडा वेळ द्यायचं, म्हणजे हृदय काम न करता आधी खाऊन घेतं. डेल निडोबरोबर सगळीकडे तो देत नाहीत. आमच्याकडे लांबलेल्या केसला देतात. एओर्टा शिवून झालेली, झडप नवी, आता गळती नाही, म्हणून या वेळी मुळातूनच दिला. ऑक्सिजनही मी उतरवून घेतला होता. रक्तवायूच्या रिपोर्टवर प्राणवायूचा दाब 400 दिसला की नवशिक्यांना बरं वाटतं. या घडीला मला तो 150 ते 200 मध्ये हवा असतो.

डोकं खाली, हवा काढून झाली.

“फ्लो डाऊन.”

“डाऊन.”

“क्लॅम्प ऑफ.”

मी मीन प्रेशर, म्हणजे सरासरी रक्तदाब, 50च्या आत धरलं आणि फ्लो इंचाइंचाने वर न्यायला लागले. हृदय फडफडलं. सरांनी आतल्या पॅडलने 20 ज्यूलचा एक शॉक दिला. फडफड थांबली, थोडा दम खाऊन मंद ठोके आले, पेसिंगची वायर लावली. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. तेवढ्यात भूल देणाऱ्या मॅडम इकोच्या पडद्यावरून म्हणाल्या, “आरव्ही फुगतोय.” सरांनीही पाहिलं, उजवा कप्पा निळसर, पसरलेला. ईसीजीच्या खालच्या लीड्समध्ये एसटी उचललेला, म्हणजे तिथे रक्त कमी पडतंय. उजव्या कोरोनरीत हवा गेली होती. तिचं तोंड समोरच्या अंगाला असतं, त्यामुळे उताण्या झोपलेल्या माणसात उरलेला बुडबुडा आधी तिथेच चढतो. कितीही काळजी घ्या, झडपेच्या केसला हे अधूनमधून होतंच.

आणि इथे दोन नियम एकमेकांच्या अंगावर आले. ताज्या जागृत झालेल्या हृदयाला दाब कमी हवा. बुडबुडा पुढे ढकलायचा तर दाब जास्त हवा.

“प्रेशर वाढव.”

माझा हात नॉबवर क्षणभर अडला हे खरं. पण हिशेब फार अवघड नव्हता. हवा असेपर्यंत उजव्या बाजूला रक्तच नाही, मग तिथे कसली राखण? मी फ्लो वाढवला, मॅडमनी नॉरॲड्रेनलिन थोडं चढवलं, मीन 80 पर्यंत नेलं. एओर्टाच्या मुळातला व्हेंट खेचत होताच. दोन-तीन मिनिटांत एसटी उतरायला लागला, कप्प्याचा रंग परतला, आणि सरांनी काही सांगायच्या आत मी दाब पुन्हा 60च्या घरात आणून ठेवला. उरलेला वेळ तो तिथेच राहिला.

याच गडबडीत नवीन रेसिडेंटने कॅल्शियमची सिरिंज भरून हातात घेतली होती. ठोके मंद, दाब कमी, हात आपोआप कॅल्शियमकडे जातो. मॅडमनी न वळता सांगितलं, “आत्ता नको रे. ठेव ती.” कॅल्शियमने ठोका जोरात येतो, दोन मिनिटं मॉनिटर छान दिसतो. पण ज्या पेशी आधीच कॅल्शियमने तुडुंब आहेत त्यांना आणखी पाजण्यासारखं ते होतं. आमचा रिवाज असा की क्लॅम्प निघून पंधराएक मिनिटं जाऊ द्यायची, आयोनाइज्ड कॅल्शियम मोजायचं, आणि कमी असेल तरच द्यायचं.

मग वाट बघणं. हृदय रिकामं धडधडतंय, सगळं काम मशीन करतंय. सर्जनच्या स्वभावाची पारख इथे होते. घाईच्या सर्जनला क्लॅम्प निघाला की ऑपरेशन संपल्यासारखं वाटतं. आमचे सर हातमोजे घातलेले हात छातीशी धरून शांत उभे राहतात, क्लॅम्पच्या वेळाच्या निदान चौथाई वेळ तरी. त्या रिकाम्या वेळात रेसिडेंटने विचारलं, “मॅडम, तो दंडाला कफ बांधायचा प्रकार आता करत नाही का?”

करायचो. काही महिने मनापासून केला. त्याची मुळं 1986च्या अमेरिकेतल्या प्रयोगात आहेत. मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची धमनी आधी चार वेळा पाच-पाच मिनिटं बंद करून सोडली, मग 40 मिनिटं बंद ठेवली, तर मेलेला भाग जवळपास चौथाईवर आला. थोडं उपाशी ठेवून हृदय कणखर होतं, हे त्यातून कळलं. पुढे असं दिसलं की हृदयाला हात न लावता दुसऱ्याच अवयवाला असं छळलं तरी हृदय सावध होतं. म्हणून दंडावर बीपीचा कफ: पाच मिनिटं फुगवायचा, पाच मिनिटं सोडायचा, असं तीन-चारदा. फुकट, सोपा, धोका नाही. आम्ही भारावलो होतो. मग 2015 मध्ये एरिका आणि रिपहार्ट या ब्रिटन आणि जर्मनीतल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये कफने रुग्णांचं भलं झाल्याचं दिसलं नाही. भुलीचं प्रोपोफॉल हा परिणाम पुसून टाकत असावं असा एक तर्क मांडला गेला. त्याच वर्षी त्या छिद्रावर थेट काम करणारं सायक्लोस्पोरिन हार्ट अटॅकच्या रुग्णांत फोल ठरलं. 2019 मध्ये 5000 हून जास्त हार्ट अटॅकच्या रुग्णांत कफचाही तोच निकाल लागला. तरण्या, निरोगी जनावराचं हृदय आणि आपल्या साठीच्या, डायबेटिसच्या, पाच गोळ्या घेणाऱ्या माणसाचं हृदय यांत फार अंतर आहे, असं मला वाटतं. कफ कपाटात गेला. गारवा, पोटॅशियम, कमी दाब आणि सबुरी, ही बिनचमकीची मंडळी कामावर राहिली.

पहिल्यांदा पंप उतरवून बघितला तेव्हा डावा कप्पा आळसावलेला होता. भिंती हलत होत्या पण नावापुरत्या. सरांनी मान हलवली, मी परत फ्लो वाढवला. अशा वेळी मेलेला स्नायू आणि सुन्न झालेला स्नायू ओळखता येणं महत्त्वाचं. सुन्न स्नायू जिवंत असतो, रक्त पोचूनही काही तास, कधी दिवस, नीट आकुंचत नाही, आणि मग आपला आपण भानावर येतो. त्याला चाबूक मारून पळवलं तर नुकसानच. वीस मिनिटं आणखी रिकामा धडधडू दिला, आकुंचनाला हात देणारं मिलरिनोन सुरू केलं, मग पंपाचा फ्लो परत उतरवत आणला. दोन लिटर, दीड, एक, अर्धा. मॅडम पडद्यावरून म्हणाल्या, “बराय आता.” पंप ऑफ. हेपॅरिनचा असर उतरवायला प्रोटामिन.

आयसीयूत रात्री लॅक्टेट उतरत गेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी श्वासाची नळी निघाली. मिलरिनोन आणखी दीड दिवस लागलं. डिस्चार्जच्या वेळी यजमानांचा प्रश्न रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफॅरिनच्या गोळीचा आणि मेथीच्या भाजीचा होता: बंद करायची का? बंद नको, रोज साधारण सारखीच खा आणि आयएनआरची रक्ततपासणी चुकवू नका, असं डायटिशियनने सांगितलं. हृदय किती वेळ बंद होतं हे त्यांनी परत विचारलं नाही. 128 मिनिटं.

आमच्या पंप-शीटवर क्लॅम्पची वेळ, प्लेजियाची मात्रा, तापमान हे सगळं पहिल्यापासून छापलेलं असायचं. क्लॅम्प निघताना मीन प्रेशर किती होतं आणि कॅल्शियम किती वाजता दिलं, हे मात्र कुठेच नव्हतं. ते दोन रकाने मी हाताने आखले आणि पुढच्या छपाईत टाकून घेतले. मॅडमचं म्हणणं तिसराही हवा, क्लॅम्प निघतानाच्या प्राणवायूचा. शीटवर जागा उरलेली नाही, म्हणून सध्या तो आकडा समासात लिहितेय.